मधल्या सुट्टीची हकीकत

शाळेच्या वेळापत्रकात भाषा असते, गणित असते, परिसर-अभ्यास असतो, कार्यानुभवही असतो. या सर्वांच्या मधोमध अर्धा-पाऊण तास असा असतो की, त्याला विषयाचे नाव नाही. त्याला आपण 'मधली सुट्टी' म्हणतो, आणि सुट्टी म्हणजे शाळा नव्हे, असा आपला सर्वांचा समज असतो. या स्मरणिकेसाठी आपल्या भागातील शिक्षणाच्या इतिहासावर काही लिहावे, असे संपादक-भगिनींनी सुचविले, तेव्हा प्रथम मनात आले की, कोणती शाळा केव्हा निघाली, इमारत कोणी बांधली, हे सांगणारे पुष्कळ आहेत. या बिननावाच्या तासाची हकीकत मात्र कोणी लिहीत नाही. तीच येथे थोडक्यात मांडते.

माझे म्हणणे पहिल्यानेच सांगून टाकते. मूल शाळेत चारचौघांबरोबर जेवते आणि जेवल्यावर आपल्या मर्जीने खेळते, तो वेळ शिक्षणातून वजा करावयाचा नसून शिक्षणातच जमा धरावयाचा आहे. त्यातला जेवणाचा भाग पुष्कळ झगड्यानंतर आपल्या मुलांच्या पदरात पडला. खेळाचा भाग मात्र, आणि त्यातही मुलींच्या वाट्याचा, कोणाच्या ध्यानात येऊ नये इतक्या हळूहळू हातचा चालला आहे.

शाळेत जेवण हे सरकारचे नवे खूळ आहे, असे म्हणणारी माणसे अजूनही भेटतात. त्यांना महाराष्ट्राचा इतिहास ठाऊक नाही असे म्हणावे लागेल. १८७६-७७ च्या मोठ्या दुष्काळात सत्यशोधक समाजाच्या मंडळींनी अन्नछत्रे काढली. पुण्याजवळ धनकवडीला भुकेल्या मुलांसाठी बालाश्रम निघाला, आणि सावित्रीबाई फुले त्या कामात होत्या. मुलींसाठी शाळा काढणारी बाई मुलांच्या जेवणाच्या पंक्तीतही उभी राहिली, यात मला तरी नवल वाटत नाही. पोट रिकामे असेल तर पाटीवरचे अक्षर दिसत नाही, हे तिला कोणी शिकवावे लागले नसेल.

पुढे साताऱ्याला कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली छत्रपती शाहू बोर्डिंग काढले. रयत शिक्षण संस्था त्याआधी १९१९ मध्ये काले येथे स्थापन झाली होती. बोर्डिंगात सर्व जातींची मुले एकत्र राहत, स्वतः स्वयंपाक करीत आणि एका पंक्तीला जेवत. भाऊरावांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. आपल्या मंडळाच्या पानांत त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे नाव आधी घ्यावे असे मला वाटते. सोवळे-ओवळे पाळणाऱ्या घरातून आलेली ही बाई. तिने आपल्या घरात सगळ्या जातींची लेकरे घेतली, आणि बोर्डिंगात धान्य संपले तेव्हा अंगावरचा एकेक दागिना मोडला, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. १९३० साली त्या वारल्या. त्या बोर्डिंगात मुलांनी इतिहास-भूगोल काय शिकला असेल तो असो; शेजारच्याच्या ताटातले आणि आपल्या ताटातले अन्न एकच आहे, हा धडा मात्र रोज दोन वेळा झाला, आणि तो पुस्तकात नव्हता.

सेवाग्रामला नयी तालीम सुरू झाली त्याच्यामागेही हीच दृष्टी होती. १९३७ साली वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि पुढे आर्यनायकम् पती-पत्नींनी ते काम हाती घेतले. स्वयंपाकघर हे तेथे वर्गासारखेच होते. धान्य मोजणे, निवडणे, हिशेब ठेवणे, वाढणे हे सगळे अभ्यासातच धरले होते. ही योजना देशभर फार रुजली नाही. तिची कारणे वेगळी आहेत, त्यात येथे शिरत नाही.

मला सर्वांत जवळचे उदाहरण वाटते ते ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे. ताराबाई भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचे काम करीत होत्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला तो त्यांच्याच प्रयत्नाने. परंतु हे काम शहरातल्या, खाऊन-पिऊन सुखी घरांतल्या मुलांपुरते राहते, ही टोचणी त्यांना होती. म्हणून १९४५ मध्ये त्या बोर्डीला आल्या आणि तेथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले. त्याच वर्षी अनुताई त्यांना येऊन मिळाल्या. बालमंदिर उघडले तरी गरीब वस्तीतली मुले येईनात. मग या बायांनी काय केले, तर बालमंदिरच उचलून वस्तीत, लोकांच्या अंगणात नेले. मुलांना अंघोळ घालायची, केस विंचरायचे, थोडे खायला द्यायचे, मग खेळ आणि गाणी. त्या अंगणातल्या शाळेला ताराबाईंनी 'अंगणवाडी' म्हटले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि हा मराठी शब्द साऱ्या देशाचा झाला. आज बिहारपासून केरळपर्यंत कोणी अंगणवाडी म्हणते, तेव्हा ते बोर्डीच्या अंगणाचेच नाव घेत असते.

१९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे वारली मुले. त्यांना शाळेत आणावयाचे तर गुरे कोणी राखावयाची? म्हणून शिक्षकच गुरांच्या मागे कुरणात गेले. तिला 'कुरणशाळा' नाव पडले. आणि मुलींचे काय? मुलीच्या कडेवर धाकटे भावंड असे. त्यासाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी आणून 'विकासवाडी' केली. धाकटे पाळण्यात, मधले बालवाडीत, आणि ताई मोकळी होऊन वर्गात. महागडी साधने टाकून देऊन बिया, पाने, खडे यांनीच खेळ आणि मोजणी चाले. ही विकासवाडी मला आपल्या विषयाच्या दृष्टीने फार मोठी गोष्ट वाटते. कारण मुलीला शिक्षण देण्यासाठी आधी तिचे दोन हात मोकळे करावे लागतात, हे त्यात कोणीतरी प्रथम ओळखले. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळाले, अनुताईंना १९८४ मध्ये पद्मश्री. बक्षिसे मिळाली, पाळणाघर मात्र आपल्या शाळांना अजून मिळालेले नाही.

परदेशांत ही गोष्ट निरनिराळ्या वाटांनी आली. इंग्लंडात बोअर युद्धाच्या वेळी भरतीला आलेले पुष्कळ तरुण अशक्त निघाले, तेव्हा राज्यकर्त्यांना जाग आली आणि १९०६ साली शाळेतल्या जेवणाचा कायदा झाला. म्हणजे मुलाला घास मिळाला तो सैन्याच्या काळजीने! फिनलंडमध्ये १९४३ च्या कायद्याने सर्व मुलांना शाळेत फुकट जेवण ठरले, आणि तास संपला की पंधरा मिनिटे बाहेर सोडण्याची तेथे रीत आहे. जपानने १९५४ साली शाळेतील जेवणाचा कायदा केला तो शिक्षणाचाच भाग म्हणून. तेथे मुले डोक्याला टोपी बांधून आपल्या वर्गाला स्वतः वाढतात, मुलगे आणि मुली दोघेही, आणि शिक्षक त्यांच्यातच बसून जेवतात. आपल्याकडे मद्रास शहराच्या नगरपालिकेने १९२० च्या सुमारास हा प्रयोग केला आणि १९५६ पासून मुख्यमंत्री कामराज यांनी तो त्या राज्यभर नेला.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. 'जालना सोने का पालना' असे आपण अभिमानाने म्हणतो, परंतु हा पाळणा प्रत्येक लेकराच्या वाट्याला आला असे नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. खेड्यांत शाळा थोड्या, त्यांत मुली त्याहून थोड्या, आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला, आणि १ मे १९८१ रोजी जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. शाळा वाढल्या. पण मधल्या सुट्टीत काय होई? ज्याचे घर जवळ तो घरी जाई. ज्याचे दूर, तो फडक्यातली भाकरी आणि ठेचा झाडाखाली बसून खाई. आणि ज्याच्या फडक्यात काही नसे, तो पाण्याच्या घागरीकडे जाऊन पाणी पिई व लगेच खेळायला पळे, म्हणजे कोणाला कळू नये. १९७२ चा दुष्काळ आला तेव्हा मी शाळकरी होते; आमच्या वर्गात असे पाणी पिऊन पळणारे पुष्कळ झाले. परदेशातून आलेला लाल मिलो घरोघर शिजे. आईबाप खडी फोडायला आणि पाझर तलावाच्या मातीवर जात. कामावर सुकडी मिळे म्हणून लेकरेही त्यांच्यामागे जात. शाळेचा पट कागदावर भरलेला आणि ओसरी रिकामी. सुकडी जर शाळेत वाटली असती तर मुले कोठे गेली असती, हे सांगायला मोठी अक्कल लागत नाही.

त्यानंतर वीस वर्षांहून अधिक काळ गेला. १५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्राची पोषण आहाराची योजना निघाली. मुळात शिजवलेले अन्न द्यावयाचे होते. परंतु बहुतेक राज्यांनी सोपा मार्ग काढला. महिन्याला तीन किलो तांदूळ, तोही ऐंशी टक्के हजेरी असेल तर. आपल्याकडेही तसेच झाले. तांदूळ घरी आला की तो लेकराचा राहत नाही, घराचा होतो, हे आपणा बायकांना सांगायला नको. कधी तो पाहुण्यांना रांधला जाई, कधी दुकानात जाऊन त्याचे मीठ-तेल होई. कोणाला दोष देण्याचे कारण नाही. घरात पाच तोंडे असता एकट्या मुलीसाठी तीन किलोचे वेगळे गाठोडे कोण ठेवील?

यातून वाट निघाली ती न्यायालयातून. २००१ साली राजस्थानात दुष्काळ होता आणि सरकारी गोदामे धान्याने भरलेली होती. लोकांच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली गेली, आणि २८ नोव्हेंबर २००१ रोजी न्यायालयाने हुकूम दिला की, प्राथमिक शाळेतील प्रत्येक मुलाला वर्षातून निदान दोनशे दिवस शिजवलेले अन्न मिळाले पाहिजे. त्यात निदान तीनशे कॅलरी आणि आठ ते बारा ग्रॅम प्रथिने असली पाहिजेत. २००४ मध्ये त्याच न्यायालयाने आणखी दोन गोष्टी सांगितल्या: स्वयंपाकाच्या कामात दलित व आदिवासी स्त्रियांना प्राधान्य द्यावे, आणि दुष्काळी भागात उन्हाळ्याच्या सुट्टीतही जेवण चालू ठेवावे. ही दुसरी गोष्ट आपल्या मराठवाड्यासाठी किती मोलाची, ते ज्यांनी २०१२-१३ आणि २०१६ चे उन्हाळे टँकरच्या रांगेत काढले त्यांना कळेल.

आपल्याकडे २००२-०३ पासून खिचडी शिजू लागली. सुरुवातीला तीन दगडांची चूल, ओली लाकडे, व्हरांडाभर धूर आणि एकच मोठे पातेले. शिक्षक कुरकुरत की, आम्ही शिकवावे की भांडी मोजावी? त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. ज्वारीच्या मुलखात रोज तांदूळ का, असेही आम्ही बाया म्हणत असू. तर केंद्राच्या गोदामातून तांदूळच येतो म्हणून! तरीही त्या पातेल्याने जे केले ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. पहिल्या वर्षी काही घरांतून 'तिच्या हातचे खाऊ नको' अशी ताकीद देऊन मुले पाठवली जात. ती भिंतीला टेकून बसत. चार-आठ दिवसांनी फोडणीचा वास आला की एकेक पोर सरकत सरकत पंक्तीच्या टोकाला येई, आणि महिन्याभरात कोण कोठे बसले होते हे कोणाला आठवेनासे झाले. सर्वच गावांत हे इतके सुखाने झाले नाही. देशात ठिकठिकाणी दलित बाईने रांधले म्हणून मुले उपाशी उठविल्याच्या बातम्या येत राहिल्या. पण जेथे झाले तेथे ते व्याख्यानाने झालेले नाही, एवढे खरे.

२००९ च्या शिक्षण-हक्क कायद्याने शाळेला स्वयंपाकघर आणि क्रीडांगण दोन्ही असले पाहिजे असे लिहून ठेवले, आणि २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने जेवण हा हक्क झाला. आता पाचवीपर्यंत साडेचारशे कॅलरी व बारा ग्रॅम प्रथिने, आठवीपर्यंत सातशे कॅलरी व वीस ग्रॅम प्रथिने असे माप आहे. २०२१ पासून योजनेचे नाव 'प्रधानमंत्री पोषण' झाले. लेकरे मात्र 'खिचडी'च म्हणतात. जी बाई ती रांधते तिच्यासाठी केंद्राने २००९ साली महिना हजार रुपये मानधन ठरविले, तेही वर्षातून दहाच महिने. पुढे राज्याने त्यात भर घातली. तरी शंभर मुलांपुढे दोन बाया आणि चुलीपुढचे चार तास, यांचा हिशेब आपण आपल्या घरच्या स्वयंपाकाशी ताडून पाहावा.

जेवण नुसते पोटासाठी नसते, याचा पुरावा करोनाच्या काळाने दिला. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. पहिली ते चौथीची खेड्यांतली मुले डिसेंबर २०२१ मध्ये परत वर्गात आली. मधल्या काळात धान्य घरी वाटले गेले, म्हणजे १९९५ चीच रीत परत आली. तांदूळ घरी पोचला. पंगत पोचली नाही, खेळगडी पोचले नाहीत. आपल्या वस्तीतल्या किती मुली त्या दीड-पावणेदोन वर्षांत चुलीशी आणि कापसाच्या वेचणीला लागल्या आणि नंतर शाळेत आल्याच नाहीत, ते आपण जाणतो.

आपल्या जिल्ह्याची आणखी एक अडचण आहे. दिवाळी होते न होते तोच अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या तालुक्यांतून ऊसतोडीला बैलगाड्या आणि ट्रक निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. मागे आजी असेल तर लेकरू राहते, नाही तर फडावर जाते. फडावर आठ वर्षांची मुलगी म्हणजे पाळणाघरच. यासाठी सरकारने हंगामी वसतिगृहे काढली: मूल गावातच राहावे, रात्री आजीजवळ निजावे, आणि सकाळ-संध्याकाळचे जेवण शाळेच्या आवारात मिळावे. जेथे ती वेळेवर उघडतात तेथे मुले राहतात. जेथे ट्रक गेल्यावर महिन्याने उघडतात तेथे ती कोणासाठी उघडतात, हा प्रश्न आहे.

येथवर जेवणाची हकीकत झाली. आता खेळाची.

शिक्षण-हक्काचा कायदा उघडून पाहिला तर त्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला दोनशे दिवस आणि आठशे तास अध्यापन सांगितले आहे. साधा भागाकार केला तर दिवसाला चार तास होतात. सहावी ते आठवीला हजार तास, दोनशे वीस दिवस. म्हणजे साडेचार तासांच्या आसपास. म्हणजे जेवायला आणि खेळायला कायद्यानेच भरपूर जागा ठेवली आहे. ती जाते कोठे? २०१३ साली बिहारमधील एका गावात विषारी तेलाने तेवीस मुले दगावली, तेव्हापासून चव घेणे, नोंद ठेवणे यांची कडक तपासणी सुरू झाली, आणि ती हवीच. पण या सगळ्याचा वेळ सुट्टीतूनच कापला गेला. शिवाय मागे पडलेल्यांचा जादा वर्ग सुट्टीत, स्पर्धेची तयारी सुट्टीत, फलक लिहिणे सुट्टीत.

आणि मुलींची सुट्टी तर आणखी वेगळी. जिल्ह्यातल्या एका शाळेत मी काही दिवस मुद्दाम दुपारी जाऊन बसत होते. शाळेचे नाव सांगत नाही, कारण ते बहुतेक शाळांचे नाव होईल. खिचडी संपली की मुलगे हात झटकून मैदानात. आट्यापाट्या कमी झाल्या, आता क्रिकेट. मुली मात्र धाकट्यांची ताटे धुवायला नळाशी, दोघीजणी वर्ग झाडायला, एक पाण्याचा माठ भरायला, एक अंगणवाडीतल्या भावाला घरी पोचवायला. नळाजवळची रांग हलते तोवर घंटा होते. त्या दिवसांत मी एकदाही मुलींचा डाव पुरा झालेला पाहिला नाही. लगोरी मांडली जाई, फुटण्याआधी घंटा. सागरगोटे खिशात घेऊन आलेली मुलगी ते खिशातच घेऊन जाई. कोणी त्यांना हुकूम केलेला नव्हता. 'मुलीच नीट करतात हो,' असे मात्र कौतुकाने सांगण्यात आले.

डावात काय होते? भिडू वाटून घ्यावे लागतात, बाद झाले हे कबूल करावे लागते, 'मी बाद नाही' म्हणून भांडावेही लागते. जी मुलगी दहा वर्षे नळाशी उभी राहिली ती पुढे ग्रामसभेत 'मी बाद नाही' असे कोठून म्हणणार? २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात शंभरांतील सुमारे एकसष्ट स्त्रियाच साक्षर निघाल्या. त्या अक्षरांची आपण पुष्कळ काळजी करतो आणि केलीही पाहिजे. पण अक्षर आलेल्या किती जणी सभेत तोंड उघडतात, तेही मोजावे.

जेवणासाठी लोक न्यायालयात गेले. खेळासाठी कोणी जाणार नाही, आणि जाण्याची गरजही नाही. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असे त्याच कायद्यात आहे. आपल्या मंडळातल्या काही जणी या समित्यांवर आहेत. बहुतेक वेळा वहीवर सही घेण्यापुरत्याच आपल्याला बोलावतात. येत्या जूनमध्ये शाळा उघडल्यावर पहिल्या सभेला आपण जावे आणि चारच गोष्टी विचाराव्या. ताटे प्रत्येकाने आपापले धुवावे, मुलग्यांनीही, असे ठरेल काय? झाडणे आणि पाणी यांची पाळी मुलगे-मुली मिळून लागेल काय? जेवण आटोपल्यावर घड्याळी वीस मिनिटे कोणत्याही कामाला कोणालाही बोलवावयाचे नाही, हे फलकावर लिहिता येईल काय? आणि हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव दसऱ्याच्या आत जाईल काय?

धाकट्या भावंडांचा प्रश्न उरतो. त्यासाठी मंडळाची खोली दुपारी बारा ते दोन रिकामीच असते, हे मी अध्यक्षबाईंच्या कानावर घातले आहे. त्यांनी किल्ली कोणाजवळ राहील एवढेच विचारले.